होडी उतरवायची गाडी

इंदिरानगर, नाशिक
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय सोमनाथ,

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. वाईट बातमी नाही, आई बरी आहे. तुझा पत्ता तुझ्या गावच्या मोतीरामकडून मिळाला. नामपूरला कांदा मार्केटच्या बाहेर तुझं गॅरेज आहे आणि पिकअपवाले लांबून तुझ्याकडेच येतात, असं तो म्हणाला. फोन नंबरही दिला होता त्यानं. पण फोनवर तू "बरं ताई, बरं ताई" करून ठेवून देशील, म्हणून लिहिते.

मला गाडी घ्यायची आहे. होडी ओढायला.

हसू नकोस. होडी आलीसुद्धा. फायबरची, बारा फुटी, मागे इंजिन. खाली दोन चाकांची ट्रॉली. पाथर्डीच्या मळ्यात शेवंतीच्या वाफ्यांशेजारी ताडपत्रीखाली ठेवली आहे. फुलं तोडायला येणाऱ्या बायका तिला वळसा घालून जातात.

समाधानचं तुला सांगायला नको. पण मी मनात रोज सांगते, म्हणून एकदा लिहूनही टाकते. तो लसीचा डबा घेऊन धरणाच्या पलीकडच्या पाड्यावर निघाला होता. वारं सुटलं, मच्छीमारांचा डोंगा उलटला. नावाडी पोहत बाहेर आला. माझ्या भावाला पोहता येत नव्हतं. आम्ही फुलांच्या मळ्यातली माणसं, विहिरीपलीकडे पाणी माहीत नाही. पाण्यातून आंब्याचा एक वाळलेला शेंडा वर आलेला होता, त्याच्या बेचक्यात त्याने हात अडकवले. काठावरच्या सगळ्यांना तो दिसत होता. धरणाच्या भिंतीजवळच्या चौकीची लोखंडी होडी वल्ह्यांनी यायला तास लागला असता, म्हणून ती ट्रॉलीवर घालून जीपनं आणली. नऊ किलोमीटर, वीस मिनिटांत. आणि पाणी साठ पावलांवर राहिलं असताना जीप गाळात रुतली. बारा माणसांना होडी उचलेना. चाळीस मिनिटं गेली. तोवर त्याचे हात सुटले.

मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. तू होतास. त्याला खांद्यावर तूच आणलंस, ते मी विसरले नाही.

आसपास चार धरणं आहेत, सोमनाथ, आणि दरवर्षी माणसं बुडतात. काठापर्यंत होडी येते आणि काठावर अडते. तिथली साठ पावलं मला कमी करायची आहेत. मोतीराम आणि त्याच्या मच्छीमार सोसायटीतले दोघे होडीवर यायला तयार आहेत.

गाड्या तीन बघितल्या. एक नवी पिकअप, मागची दोनच चाकं ओढणारी. दुसरी लष्कराच्या लिलावातली आखूड जीप, चारही चाकं ओढणारी. तिसरी दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराची जुनी पिकअप, डबल केबिन, तिचीही चारही चाकं ओढतात. ट्रॅक्टर सगळे सुचवतात, पण तो रस्त्यावर वेळ घालवील. मी फुलांचा टेम्पो चालवते, म्हणजे गाडीला घाबरत नाही. पण यातलं कळत नाही. तू सांग.

तुझी,
योगिनीताई


नामपूर
३ नोव्हेंबर २००३

ती. योगिनीताईंना सोमनाथचा नमस्कार.

पत्र येऊन पंधरा दिवस झाले. लाल कांदा सुरू झालाय, इथली माणसं सकाळी सातला "कसं शे" करत गाडी दारात लावतात. त्यामुळे उशीर झाला, असं समजा.

आधी एक बोलतो. ताई, होडी घेतली ती चांगलं केलं. पण ती चौकीला देऊन टाका. त्यांचं काम त्यांना करू द्या. तुम्ही त्या पाण्याकडे जाऊ नका. हे माझं खरं मत आहे. बाकीचं तुम्ही विचारलं म्हणून लिहितो.

दोन चाकं ओढणारी पिकअप घेऊ नका. मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात. उतारावर ओलं असलं की ती नुसती फिरतात आणि स्वतःसाठी खड्डा खणतात. रेतीची पोती टाकून वजन देता येतं, पण घाईच्या वेळी पोती कोण शोधणार.

आखूड जीप चिखलात चांगली, पण लांबीला कमी. तिच्यामागे होडी म्हणजे लहान बैलामागे मोठी गाडी. उतारावर ट्रॉली तिला ढकलते. मागे घेताना ट्रॉली पटकन आडवी होते.

दिंडोरीची बघा. लांब आहे, जड आहे, चारही चाकं ओढतात. मात्र घेण्याआधी फोर-व्हीलचा लिव्हर टाकून ओल्या जमिनीवर चालवून बघा. बागायतदार तो वापरत नाहीत, तो गंजून बसतो.

ट्रॉलीवर होडी जरा पुढे सरकवून बांधा, हुकावर वजन आलं पाहिजे. मागे वजन गेलं तर रस्त्यावर ट्रॉली शेपूट हलवते. आणि लांबून आल्या आल्या ट्रॉली पाण्यात घालू नका. चाकाचे बेरिंग तापलेले असतात, गार पाणी आत ओढून घेतात. जीव वाचवायचा असेल तेव्हा हे विसरा. बेरिंग बदलता येतं.

आईंना नमस्कार. माझी आईही बरी आहे. गुडघे धरलेत.

सोमनाथ


इंदिरानगर
२५ नोव्हेंबर २००३

प्रिय सोमनाथ,

चौकीला देऊन टाका म्हणतोस. चौकीकडे होडी होतीच ना. मग?

रागावले नाही. तुला माझी काळजी वाटते, ते कळतं. लोकांना वाटतं मी समाधानला शोधायला जाते. आईलाही तेच वाटतं. तुला कधी सांगितलं नाही, आई नळ सुरू असला की त्या खोलीत थांबत नाही. हंडा भरायला लावते आणि अंगणात जाऊन उभी राहते. पाच वर्षं. मी नळ बंद केला की हाक मारते, मग ती आत येते. आम्ही दोघी याबद्दल कधी बोललो नाही.

तुझं म्हणणं खरं निघालं. नवी पिकअप मळ्यात आणवली, शेततळ्याच्या उतारावर पाणी मारून ट्रॉली जोडली. चाकं जागच्या जागी फिरली, माझ्या साडीवर गुडघ्यापर्यंत चिखल. विकणारा म्हणाला, बाई, तुम्ही मुद्दाम ओलं केलंत. मी म्हटलं, धरण कोरडं मिळेल का कुठे?

दिंडोरीची बघायला तू येशील का? एकच दिवस. तुला ने-आण करायला मी टेम्पो घेऊन सटाण्यापर्यंत येते. तू त्याचा मित्र, हायस्कूलला एका बाकावरचे तुम्ही. त्याच्या नावानं होणारी गाडी तुझ्या हाताखालून जावी, एवढीच इच्छा आहे.

आणि एक विचारू? तू नाशिक सोडून एवढ्या लांब का गेलास? बायकोचं माहेर तिकडचं हे मला माहीत आहे. पण काळीपिवळी चालवून तुझं त्र्यंबकच्या रस्त्यावर चांगलं चाललं होतं.

योगिनीताई


नामपूर
२० डिसेंबर २००३

ती. योगिनीताईंना नमस्कार.

येता येणार नाही. सीझन आहे. सीझन संपल्यावरही नाही जमणार. रागावू नका.

गाडी बघायला दिंडोरीला माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे, त्याला चिठ्ठी दिली आहे. तो पैसे घेणार नाही.

ट्रॉली मागे घ्यायचं मात्र मी लिहून देतो, ते कुणी नीट शिकवत नाही. गाडी मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते, म्हणून माणूस गोंधळतो. त्यावर उपाय सोपा. हात स्टिअरिंगच्या वर नाही, खाली धरायचा, घड्याळात सहा वाजतात तिथं. मग ट्रॉली ज्या बाजूला न्यायची, हात त्या बाजूला न्यायचा. मळ्यात रोज अर्धा तास करा. महिन्याभरात हाताला कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही.

पाण्यात गेल्यावर इंजिन बंद करू नका, सायलेन्सरमध्ये पाणी शिरेल. उतरण्याआधी हँडब्रेक ओढा, चाकाखाली लाकडी ठोकळा द्या. मागे घेण्यापूर्वी स्वतः खाली उतरा, पायानं जमीन बघा. ज्या जमिनीवर टाच रुतते तिथं चाक घालू नका.

आणि आरशावर विश्वास ठेवा. आरशात सगळं दिसतं. कुणी ड्रायव्हर म्हणाला, मला रस्ता दिसला नाही, तर त्याचं खरं मानू नका.

इकडे मी रोज सात-आठ गाड्या मागे घेतो. काम आहे. प्रत्येक वेळी मागे पाणी नाही, हे आधी बघून घेतो. हसू येईल तुम्हाला. नामपूरला कुठलं पाणी.

सोमनाथ


इंदिरानगर
१९ एप्रिल २००४

प्रिय सोमनाथ,

गाडी घेतली. दिंडोरीचीच. तुझ्या मिस्त्रीने लिव्हर खोलून गंज काढून दिला. पांढरी आहे, मागच्या फळीवर द्राक्षांचे डाग अजून आहेत. सकाळी फुलं, दुपारी ट्रॉलीचा सराव. सहाच्या काट्यावर हात. आता शेवंतीच्या दोन वाफ्यांमधून ट्रॉली मागे नेते, एक झाड मोडत नाही.

काल पहिल्यांदा ती धरणावर नेली. पाच वर्षांत मी तिथं गेले नव्हते, हे तुला खरं सांगते.

पाणी फार खाली गेलंय. तुमच्या बुडालेल्या उंबरखोऱ्याच्या बाजूला सगळा तळ उघडा पडला आहे, भेगा गेलेला गाळ, शिंपले, जाळ्यांचे तुकडे. आणि तो आंबा कोरड्या जमिनीवर उभा आहे. मला वाटायचं तो लहानसा शेंडा असेल, काठावरून तेवढाच दिसायचा म्हणतात. अख्खं झाड आहे, सोमनाथ. मी बुंध्यापाशी उभी राहिले. बेचकं माझ्या डोक्याच्या खूप वर होतं, दोन पुरुष उंचीवर. तिथं तो होता. मी वर बघत होते, म्हणजे पाण्याच्या तळाशी उभी राहून बघत होते. तिथून तो कसा दिसला असता, ते मला दिसलं. चपलांचे तळवे. मी खाली बसले. मोतीराम लांब उभा राहिला, जवळ आला नाही.

मग मला रस्ता दिसला. तुमच्या गावचा जुना रस्ता. काठावरच्या त्या मोठ्या दगडापासून सरळ खाली तळात जातो. वर गाळाचा पातळ थर आहे, पण खाली खडी घट्ट. टाच मारली, रुतली नाही. एका गाडीची रुंदी, अलगद उतार. होडी उतरवायला कुणी मुद्दाम बांधावा असा. पाणी कितीही वर-खाली होवो, हा रस्ता कुठे तरी पाण्यात शिरतोच.

मी मोतीरामला म्हटलं, हे बघ, एवढं चांगलं असताना तुम्ही गाळातून होड्या ओढता? तो म्हणाला, ताई, आम्ही त्या रस्त्यानं जात नाही. का, असं विचारलं तर मला म्हणाला, तुम्ही सोमनाथला विचारा.

म्हणून विचारते. का जात नाही?

आणि मनात राहून राहून येतं, जीप जिथं रुतली ती जागा मोतीरामने दाखवली. रस्त्याला लागून, चार हात डावीकडे. चार हात. त्या दिवशीचा ड्रायव्हर कुणी बाहेरचा असणार बिचारा. पेपरात नुसतं "चालक" असं आलं होतं. त्याला रस्ता माहीत नसेल, पाऊस असेल, घाई असेल. इतकी वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. काल तिथं उभी असताना वाटलं, कुठे असेल तो, त्याला झोप लागत असेल का.

योगिनीताई


नामपूर
८ मे २००४

ती. योगिनीताई,

तो बाहेरचा नव्हता. जीप मी चालवत होतो.

चौकीचा ड्रायव्हर त्या महिन्यात रजेवर होता. काळीपिवळी पावसाळ्यात बसून होती, म्हणून बदलीवर मी लागलो होतो. मोतीरामला माहीत आहे, आमच्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी हात जोडले होते. मोतीरामनं तुम्हाला माझा पत्ता दिला, तेव्हाच मला कळलं की त्याला आता हे झाकून ठेवायचं नाही.

रस्ता मला माहीत होता. मी त्या रस्त्यावर चालायला शिकलो. आरशात तो स्वच्छ दिसत होता.

तुम्ही विचारलं, का जात नाही. गाव उठलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. धरणाचं पाणी यायचं होतं, ट्रका भरून झाल्या होत्या. शेवटच्या दिवशी म्हाताऱ्यांनी वाट मिटवली. शेतात जनावर शिरू नये म्हणून आपण जशा काट्या लावतो, तशा प्रत्येक घरानं बाभळीची एक फांदी आणून वेशीच्या दगडापाशी रस्त्यावर आडवी टाकली. शेवटची फांदी माझ्या आईची, कुसाबाईची. मग पाणी शिंपडलं आणि सगळे मागे न बघता निघाले. तेव्हा सांगितलं होतं, मिटवलेल्या वाटेनं आपल्यातला कुणी परत आत गेला, तर गाव त्याच्या जवळच्या माणसाला ठेवून घेईल. काट्या पहिल्याच पुरात वाहून गेल्या. पण आम्ही कुणी त्या रस्त्यावर पाय ठेवला नाही. उन्हाळ्यात उघडा पडला तरी गुरं वळसा घालून नेतो.

समाधानला हे माहीत होतं. उन्हाळ्यात तो यायचा तेव्हा तो रस्त्याच्या मधून चालायचा आणि मी बाजूच्या गाळातून. तो हसायचा. म्हणायचा, सोमनाथ, एवढा शिकलेला तू, आणि चिखल तुडवतोस.

त्या दिवशी मी जीप वळवली, ट्रॉली मागे घ्यायला लागलो. आरशात रस्ता आणि त्याच्या टोकाला पाणी आणि पाण्यात तो. मला एकच वाटलं. या रस्त्यानं गेलो तर ते त्याला ठेवून घेतील. मला स्वतःची भीती नव्हती ताई, हे मानायचं तर माना. हात आपोआप वळले. मी ट्रॉली चार हात डावीकडे घेतली.

रुतलो तेव्हा त्याला दिसलं. तो ओरडला. वाऱ्यात बाकीच्यांना नीट कळलं नाही, मला कळलं.

"सोमनाथ, रस्त्यानं घे."

दोनदा ओरडला. पुढे ओरडला नाही, दम राखत असेल.

मी पुन्हा गिअर टाकला. तोवर चाक आसापर्यंत खाली गेलं होतं. जीप ना पुढे येत होती ना मागे. आम्ही दोर लावले, दगड टाकले, होडी हातांनी ओढली. बाकीचं तुम्ही लिहिलंय तसंच.

तुम्ही म्हणता, मी त्याला खांद्यावर आणलं. आणलं. तेव्हा कुणी तरी मला त्याच्या खालून काढून घ्यावं असं वाटत होतं.

गाडी चांगली घेतलीत. त्या रस्त्यानंच होडी उतरवा. तुम्ही आमच्यातल्या नाही, तुम्हाला काही बंधन नाही. उत्तर दिलं नाही तरी चालेल.

सोमनाथ


इंदिरानगर
२ जून २००४

सोमनाथ,

तुझं पत्र मिळालं. वाचलं. आईला वाचून दाखवलं नाही.

आता लिहिता येत नाही.

योगिनी


इंदिरानगर
२१ सप्टेंबर २००४

प्रिय सोमनाथ,

तुझ्या पत्रानंतर मी गाडी विकायची ठरवली होती. गिऱ्हाईकही आलं होतं. गाडीत बसले की आरशात बघावं लागतं, आणि आरशात बघितलं की तुझे डोळे लावून बघत असल्यासारखं वाटायचं. समाधानचं शेवटचं बोलणं तुझ्याजवळ होतं, सहा वर्षं, आणि ते तू मला दिलं नाहीस. जीपचं राहू दे. मला याचाच राग जास्त आला. त्या तीन शब्दांत त्याचा आवाज होता. तो कसा ओरडला असेल, ते मला बरोबर ऐकू येतं. थोडा चिडून. सायकलची चेन पडली की तो असाच चिडायचा.

मग श्रावण आला आणि मी गाडी विकली नाही. पावसाळाभर ती आणि होडी धरणावर मोतीरामच्या शेडपाशी ठेवली. फुलं टेम्पोनंच नेली.

मागच्या गुरुवारी मी तिथंच होते, ट्रॉलीच्या चाकांना ग्रीस भरत होते. दुपारचे तीन वाजले असतील. उंबरखोऱ्याच्या बाजूनं निरोप आला की एक जण म्हशीमागे पाण्यात उतरला होता, तो दिसत नाही. ट्रॉली जोडलेलीच होती. वेशीच्या दगडापाशी पोचलो. पाणी आता जवळजवळ दगडाला लागलं आहे. मी गाडी वळवली, हात खाली धरला आणि त्या रस्त्यावरून ट्रॉली मागे नेली. एकदाही थांबले नाही. मोतीराम रस्त्यावर आला नाही. बाजूच्या गाळातून छातीइतक्या पाण्यात गेला आणि तिकडून होडीत चढला. मला त्याचा राग आला आणि लगेच गेला. निरोप आल्यापासून होडी पाण्यात जाईपर्यंत अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. मला ते बघायचंच होतं.

तो गेलेला होता, सोमनाथ. म्हैस बाहेर आली होती, तो लव्हाळ्यात अडकलेला सापडला. अकरा मिनिटं, चांगली गाडी, घट्ट रस्ता, इंजिनाची होडी. सगळं होतं आणि तो गेला.

काठावर आणल्यावर त्याची बायको, रंगूबाई, त्याच्याजवळ बसली. मी बाजूला उभी होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. काय सांगणार होते मी तिला? मग तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली,

"लवकर आली होती बाई तू. मी बघत होते."

मी घरी येईपर्यंत तेच ऐकत होते. आपल्या लोकांनी तुला हे कधी म्हटलं नाही, आणि म्हणता येणारही नव्हतं. तू लवकर आला नव्हतास. वीस मिनिटांत आलास आणि चाळीस मिनिटं चार हातांवर अडलास. ते तसंच राहील. मी तुला माफ केलं असं लिहायला तीन वेळा बसले. तो शब्द लिहिला जात नाही आणि खोटं मला लिहायचं नाही. पण रस्त्यानं आला असतास तर तो वाचलाच असता, असं मी इतकी वर्षं मोजत होते, ते मोजणं गुरुवारी थांबलं. आता मला माहीत नाही. माहीत नसणं हे थोडं हलकं आहे.

आता कामाचं. पाऊस संपेल, पाणी उतरू लागेल. महिन्या-महिन्यानं होडी रस्त्यावर आणखी खाली उतरवावी लागेल. वेशीच्या दगडाच्या पुढे रस्ता कसा आहे, वळतो कुठे, काय आडवं येतं, मला काही माहीत नाही. उन्हाळ्यात मी आंब्यापाशी थांबले, रस्ता पूर्ण बघितलाच नाही. मोतीराम सांगत नाही. तू सांगशील का?

योगिनीताई


नामपूर
१० ऑक्टोबर २००४

ती. योगिनीताई,

पत्र चार दिवस खिशात होतं. मग आईपुढे बसून मोठ्यानं वाचलं, अगदी माझ्याबद्दलचंही. तुम्ही रस्ता विचारलाय तिथं आलो, तेव्हा आई म्हणाली, लिही, मी सांगते. खालचं अर्धं तिचं आहे. मी तीन घरं चुकवली होती, ती तिनं जागेवर आणली.

दिवाळीपर्यंत पाणी वेशीच्या दगडापाशीच राहील. काळजी नाही, चाळीस पावलं सरळ उतार आहे.

मार्गशीर्षात पाणी अंबूबाईच्या घरापर्यंत उतरतं. तिचा दगडी ओटा रस्त्यात हातभर पुढे आलेला होता, त्यावरून लोक भांडायचे. तो अजून असणार. उजवीकडे आहे, म्हणजे मागे घेताना तुमच्या डाव्या आरशात. ट्रॉलीचं चाक त्याला लागू देऊ नका.

पौषात मारुतीचा पार लागेल. मूर्ती आम्ही नेली, पार राहिला. तिथं रस्ता रुंद आहे, बैलगाड्या वळायच्या. गाडी वळवायची तर तिथंच वळवा, आणखी खाली जागा नाही.

पाराच्या पुढे फकिरा सुताराचं, मग पुंजाबाबाचं, मग आमचं. आमच्या दारासमोर रस्ता थोडा खचलेला होता, पावसाळ्यात डबकं व्हायचं. आई म्हणते, तिनं तिथं दोन पाट्या मुरूम टाकला होता. तो टिकला असेल तर बरं, नाहीतर डाव्या कडेनं घ्या.

फाल्गुनात शाळा. तिथं रस्ता एकदम उजवीकडे वळतो आणि वळणावर ओढ्याची मोरी आहे. गाव उठताना मोरीच्या फरशा कुणीतरी काढून नेल्या. वर गाळ बसलाय, वरून सपाट दिसतं, खाली पोकळ आहे. टाच मारून कळणार नाही. मोरीची नेमकी जागा कागदावर दाखवता येत नाही, तिथं उभं राहूनच दाखवावी लागेल.

आई म्हणाली, माझी फांदी मी उचलली, तू जा.

फाल्गुनाची वाट बघत नाही. पाणी वर असतानाच सगळा रस्ता एकदा तुमच्याबरोबर होडीतून वरून बघतो, बांबू टाकून. अठरा तारखेला, सोमवारी, सकाळच्या सटाणा-नाशिक गाडीनं निघतो, दुपारपर्यंत पोचेन. तुमच्या दारात येऊ की नको, ते कळवा. नाही म्हणालात तर सरळ धरणावर जाईन, मोतीरामकडे थांबेन. होडी उतरवताना गाडी तुम्हीच चालवा. मी पुढे चालतो, रस्त्याच्या मधून.

सोमनाथ